भूपेंद्रनाथ दत्त आणि भारतीय समाजाचे शास्त्र

(बराकपूर येथे भरलेल्या अभ्यासवर्गात हिंदीतून दिलेल्या व्याख्यानाचा वक्त्यानेच सिद्ध केलेला मराठी मजकूर)



१८५३ साली कार्ल मार्क्सने ‘न्यूयॉर्क डेली ट्रिब्यून’ या वृत्तपत्रात हिंदुस्थानविषयी जी लेखमाला लिहिली, तिच्यातील ८ ऑगस्टच्या अंकात प्रसिद्ध झालेला लेख आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. इंग्रज भांडवलदारांनी कापूस आणि इतर कच्चा माल स्वस्तात वाहून नेण्यासाठी या देशात लोहमार्ग घातले, तरी त्या लोहमार्गांच्या मागोमाग आधुनिक उद्योगधंदे आल्यावाचून राहणार नाहीत, आणि ज्या वंशपरंपरागत श्रमविभागणीवर जातिसंस्था उभी आहे ती श्रमविभागणीच हे उद्योगधंदे मोडून काढतील, असा त्या लेखाचा आशय आहे. त्यानंतर नऊच वर्षांनी, म्हणजे १८६२ साली, कलकत्त्याहून राणाघाटपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. तो बराकपूरवरून जातो. आपल्यापैकी बहुतेक जण आज त्याच मार्गाने येथे आले. हुगळीच्या पलीकडच्या तीरावर रिश्रा येथे १८५५ साली पहिली ताग गिरणी निघाली होती, आणि अलीकडच्या तीरावर बारानगर येथे १८५९ साली यंत्रमागावर ताग विणला जाऊ लागला. पुढे टीटागढ, श्यामनगर, जगद्दल, भाटपाडा, कांकिनाडा, नैहाटी अशी गिरण्यांची रांगच नदीकाठाने उभी राहिली.

तात्पर्य, मार्क्सचे भाकीत तपासून पाहायचे असेल तर संबंध देशात याहून योग्य जागा क्वचितच सापडेल. लोहमार्ग आला, गिरणी आली, चार-चार पिढ्यांचा कामगारवर्ग निर्माण झाला. जात मात्र गेली नाही. ती का गेली नाही, हा प्रश्न आपल्या चळवळीला पुनःपुन्हा अडवीत आलेला आहे. या प्रश्नाला हात घालणारा पहिला भारतीय मार्क्सवादी समाजशास्त्रज्ञ म्हणून मी आज डॉ. भूपेंद्रनाथ दत्त यांच्याविषयी बोलणार आहे.

बंगालमध्ये या नावाची ओळख एका वाक्यात करून दिली जाते : स्वामी विवेकानंदांचे धाकटे बंधू. महाराष्ट्रात तेवढीही ओळख उरलेली नाही. थोर बंधूच्या सावलीत एक स्वतंत्र विचारवंत कसा झाकला जातो, याचे हे उदाहरण आहे. स्वतः भूपेंद्रनाथांनी १९५४ साली आपल्या बंधूंवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि त्यांना मठाच्या चौकटीतून बाहेर काढून देशभक्त व समाजचिंतक म्हणून उभे करण्याचा प्रयत्न केला. त्या पुस्तकाचा विषय निराळा आहे, म्हणून त्याचा केवळ उल्लेख करून पुढे जातो.

भूपेंद्रनाथांचा जन्म कलकत्त्यास ४ सप्टेंबर १८८० रोजी झाला. वडील विश्वनाथ दत्त हे उच्च न्यायालयातील अ‍ॅटर्नी. १९०६ साली ‘युगांतर’ हे क्रांतिकारकांचे साप्ताहिक निघाले आणि त्याच्या संपादनाची जबाबदारी त्यांनी उचलली. या मंडळींचे मानस ज्या ग्रंथांनी घडविले, त्यांत एका मराठी माणसाने बंगालीत लिहिलेल्या ग्रंथाचे स्थान मोठे आहे, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. देवघरजवळच्या करों गावी १८६९ साली जन्मलेल्या सखाराम गणेश देउस्करांचा ‘देशेर कथा’ हा ग्रंथ १९०४ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी राज्याने देशाची संपत्ती कशी लुटली, विणकर आणि शेतकरी कसे धुळीस मिळाले, याचा आकड्यांनिशी मांडलेला हिशोब त्यात होता. सरकारने १९१० साली त्यावर बंदी घातली. आवेशाला आकड्यांची जोड हवी, हा धडा बंगालच्या तरुणांनी प्रथम या मराठी लेखकाकडून घेतला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

१९०७ च्या जुलैत ‘युगांतर’मधील लेखांबद्दल भूपेंद्रनाथांवर राजद्रोहाचा खटला झाला. परक्या सरकारच्या न्यायासनापुढे आपण बचाव करू इच्छीत नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि एक वर्षाची सक्तमजुरी पत्करली. सुटकेनंतर ते अमेरिकेस गेले. तेथे त्यांनी न्यूयॉर्क विद्यापीठाची पदवी घेतली व पुढे ब्राउन विद्यापीठात एम.ए. केले. अमेरिकन समाजशास्त्राच्या संस्थापकांपैकी एक, लेस्टर वॉर्ड, हे १९०६ पासून १९१३ साली मृत्यू येईपर्यंत याच ब्राउन विद्यापीठात प्राध्यापक होते. समाज हा निसर्गनियमाने आपोआप पुढे सरकत नाही, मनुष्य त्याला हेतुपूर्वक वळण देऊ शकतो, हा वॉर्डचा आग्रह होता. बलिष्ठ तेवढे जगतील, दुर्बळ मरतील, हा स्पेन्सरी सिद्धांत तेव्हा भांडवलदारांचा आवडता होता. त्याला विद्यापीठातूनच मिळालेले ते एक उत्तर होते.

येथे क्षणभर थांबून एका योगायोगाकडे लक्ष वेधावेसे वाटते. त्या एकाच दशकात तीन भारतीय विद्यार्थी अमेरिकेच्या पूर्वेकडील तीन विद्यापीठांत समाजशास्त्राच्या अंगाने आपल्या देशाचा विचार करीत होते. कॉर्नेल विद्यापीठात श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांचा ‘हिस्टरी ऑफ कास्ट इन इंडिया’ हा ग्रंथ १९०९ साली निघाला, आणि मायदेशी परतल्यावर त्यांनी मराठी ज्ञानकोशाचे प्रचंड कार्य पार पाडले. ब्राउन विद्यापीठात भूपेंद्रनाथ दत्त. आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात दाखल झालेले भीमराव आंबेडकर. त्यांनी ९ मे १९१६ रोजी जातिसंस्थेच्या उगमावरील आपला प्रसिद्ध निबंध वाचला आणि त्यात केतकरांच्या व्याख्येची सविस्तर तपासणी केली. तिघांची घरे निराळी, वृत्ती निराळ्या, पुढचे राजकीय मार्ग तर दूरदूरचे. तरी एका मुद्द्यावर हे तिघेही आपापल्या वाटेने एकाच ठिकाणी पोहोचले : जातीचे मूळ वंशात, म्हणजे रक्तात, नाही.

आज हे विधान सोपे वाटते. त्या काळी ते सोपे नव्हते. बंगालच्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ रचणारे आणि १९०१ च्या जनगणनेचे प्रमुख असलेले सर हर्बर्ट रिस्ले यांनी माणसांची नाके मोजून सिद्धांत मांडला होता. नाकाच्या लांबीशी रुंदीचे जे प्रमाण पडते त्यावरून जातीची पायरी ओळखता येते; नाक जितके चपटे तितकी जात खालची! उच्चवर्णीय सुशिक्षितांना हा सिद्धांत गोड वाटला, कारण त्यामुळे ते राज्यकर्त्यांचे दूरचे आप्त ठरत होते. साम्राज्याला तो सोयीचा होता, कारण विषमता निसर्गदत्त ठरली की तिचा दोष कोणाच्याच माथी येत नाही. रिस्ले यांच्या आकड्यांना पुढे आकड्यांनीच उत्तर मिळाले. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात दाखवून दिले की, संयुक्त प्रांत सोडला तर हा नियम कोठेही नीट लागू पडत नाही. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी बंगालच्या मोजमापांची नव्याने छाननी केली. त्यांची भारतीय सांख्यिकी संस्था आज जेथे आहे ते बारानगर येथून फारसे दूर नाही. कलकत्त्याहून बराकपूरकडे येणाऱ्या हमरस्त्यावरच ते आहे. भूपेंद्रनाथांनीही हाच मार्ग धरला. एकाच जातीत निरनिराळ्या शरीरप्रकारांची माणसे आढळतात आणि एकच शरीरप्रकार निरनिराळ्या जातींत आढळतो, तेव्हा जात म्हणजे वंश असे म्हणता येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

आता त्यांच्या चरित्राचा धागा पुन्हा हाती घेऊ. महायुद्ध पेटल्यावर ते जर्मनीत गेले आणि भारतीय क्रांतिकारकांच्या बर्लिन समितीचे १९१६ ते १९१८ या काळात चिटणीस होते. या समितीच्या कटांची कहाणी रंजक आहे, तथापि आपल्या विषयाच्या दृष्टीने तीत फारसे काही नाही. महत्त्वाचे वर्ष आहे १९२१. त्या वर्षी वीरेंद्रनाथ चट्टोपाध्याय यांच्याबरोबर भारतीय क्रांतिकारकांची एक तुकडी बर्लिनहून मॉस्कोला गेली. वर्ध्याचे पांडुरंग सदाशिव खानखोजे हे त्या तुकडीत होते. गदर चळवळीच्या संस्थापकांपैकी एक असलेला हा मराठी क्रांतिकारक पुढे मेक्सिकोत कृषिशास्त्रज्ञ म्हणून नावाजला. मानवेंद्रनाथ रॉय आणि ही बर्लिनची मंडळी यांच्यात तेथे बरीच खडाजंगी झाली. चट्टोपाध्याय, लुहानी व खानखोजे यांनी मिळून एक प्रबंध सादर केला, आणि भूपेंद्रनाथांनी आपला प्रबंध स्वतंत्रपणे लेनिनकडे पाठविला.

लेनिनचे उत्तर २६ ऑगस्ट १९२१ चे आहे. अवघ्या चार ओळींचे. आपला प्रबंध वाचला. सामाजिक वर्गांविषयीच्या चर्चेत शिरण्याचे कारण नाही. वसाहतींच्या प्रश्नावरील माझ्या सूत्रांना धरून चालावे. हिंदुस्थानात शेतकऱ्यांच्या संघटना असल्यास त्यांच्याविषयी आकडेवारी गोळा करावी. इतकाच मजकूर. १९५२ साली निघालेल्या ‘डायलेक्टिक्स ऑफ लँड इकॉनॉमिक्स ऑफ इंडिया’ या भूपेंद्रनाथांच्याच पुस्तकातून हे पत्र जगापुढे आले.

या चार ओळींचा अर्थ काय लावायचा? वर्गविश्लेषण अनावश्यक आहे असे लेनिन म्हणेल, ही गोष्टच संभवत नाही. माझ्या मते त्याचा रोख असा आहे : ज्या देशातील शेतकऱ्यांच्या संघटनांची साधी मोजदादही आपल्या हाती नाही, त्या देशातील वर्गांविषयी परदेशात बसून वाद घालू नका. आधी तेथे काय आहे ते पाहा. येथे लेनिन एखाद्या समाजशास्त्राच्या प्राध्यापकासारखा बोलत आहे, आणि समाजशास्त्राचा पदवीधर मात्र सिद्धांताच्या आवेशात आहे. मला या प्रसंगातील हा उलटापालट नेहमीच अर्थपूर्ण वाटत आला आहे.

भूपेंद्रनाथांनी हे पत्र आयुष्यभर जपले. १९२३ साली हॅम्बुर्ग विद्यापीठाची मानववंशशास्त्रातील डॉक्टरेट घेऊन ते १९२५ साली मायदेशी परतले. कामगारांच्या व शेतकऱ्यांच्या संघटनांत त्यांनी काम केले, काँग्रेसच्या अखिल भारतीय समितीवर ते होते, पुन्हा तुरुंगवासही भोगला. परंतु त्यांचा खरा प्रभाव पडला तो तरुणांवर. बाँब आणि पिस्तुलाच्या मार्गाने निघालेल्या बंगाली युवकांच्या हाती त्यांनी इतिहासाची आणि अर्थशास्त्राची पुस्तके दिली. १९२८ सालच्या ३१ मार्च आणि १ एप्रिल रोजी बंगालच्या कामगार-शेतकरी पक्षाची परिषद येथून जवळच भाटपाड्यास भरली; तेथपर्यंत नवी पिढी जी पोहोचली, तिच्या वैचारिक पूर्वतयारीत भूपेंद्रनाथांसारख्यांचा वाटा होता.

त्यांच्या समाजशास्त्राचा गाभा १९४४ सालच्या ‘स्टडीज इन इंडियन सोशल पॉलिटी’ या ग्रंथात आणि ‘भारतीय समाजपद्धति’ या बंगाली ग्रंथाच्या खंडांत आहे. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. वर्ण हे मुळात वर्ग होते. संपत्ती, शस्त्र आणि यज्ञविधी ज्यांच्या हाती ते वरचे. श्रम ज्यांच्या वाट्याला ते खालचे. ब्राह्मण व क्षत्रिय यांच्या ज्या झगड्यांच्या कथा पुराणांत येतात, त्या सत्तेसाठी झालेल्या वर्गसंघर्षाच्या स्मृती होत. सरंजामी अर्थव्यवस्था स्थिरावली तसे हे वर्ग जन्मावर येऊन गोठले, कारागिरांच्या श्रेणी कडेकोट बंद झाल्या, आणि राजसत्तेने व धर्मशास्त्राने त्या बंदिस्तीवर शिक्कामोर्तब केले. बौद्ध धर्म, भक्तिपंथ, बंगालमधील धर्मांतरे यांच्यामागे त्यांना खालच्या थरांचे बंड दिसते.

ही दृष्टी घेऊन स्मृतिग्रंथ उघडले की वाचनाची रीतच बदलते. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात व्याजाचा दर दिला आहे : ब्राह्मणाकडून दरमहा शेकडा २, क्षत्रियाकडून ३, वैश्याकडून ४ आणि शूद्राकडून ५. धर्माची चर्चा करणारा याकडे पाहून पुढे जातो. समाजशास्त्रज्ञ येथे थांबतो, कारण येथे वर्ण हा थेट सावकाराच्या वहीत उतरलेला आहे. ज्याच्यापाशी सर्वांत कमी, त्याला कर्ज सर्वांत महाग! भूपेंद्रनाथांनी आपल्याला शिकविले ते हे, की वर्णाचे कोडे सोडवायचे तर वही पाहा, जमिनीचा कागद पाहा, दंडाचा तक्ता पाहा.

अनुवादकाच्या व्यवसायामुळे या ग्रंथांतील शब्दांशी माझा रोजचा संबंध येतो, म्हणून एक गोष्ट सांगतो. आपण मराठीत ज्याला ‘वर्ग’ म्हणतो, त्याला बंगालीत ‘श्रेणी’ म्हणतात. आपला वर्गसंघर्ष तो त्यांचा श्रेणीसंग्राम. परंतु प्राचीन ग्रंथांत ‘श्रेणी’ म्हणजे एका धंद्यातील कारागिरांचा संघ, तेल्यांची श्रेणी, विणकरांची श्रेणी. बंगाली वाचकाच्या कानावर ‘श्रेणी’ हा शब्द पडताच मार्क्सचा वर्ग आणि प्राचीन कारागिरांचा संघ हे दोन्ही अर्थ एकदम वाजतात. जातीचा उगम सांगताना हे त्याला साहाय्यकच ठरते. मराठी वाचकाला तो दुवा वेगळा उलगडून द्यावा लागतो. ‘जाति’ या शब्दाचे तर विचारूच नका. बंगालीत त्याचा अर्थ राष्ट्र असाही होतो, ‘जातीय’ म्हणजे राष्ट्रीय. मराठीत ‘जातीय’ म्हटले की दंगलच आठवते. एका भाषेतील अभिमानाचा शब्द दुसरीत शिवीच्या जवळ जातो! अनुवाद करताना प्रत्येक ठिकाणी संदर्भ पाहूनच शब्द ठेवावा लागतो. आणि या शब्दांत आपला सामाजिक इतिहास साठलेला आहे हे तेव्हा ध्यानात येते.

भक्तिपंथाविषयीच्या त्यांच्या विवेचनाचा मराठी वाचकाला विशेष उपयोग आहे. १९४५ साली त्यांनी वैष्णव साहित्यातील समाजतत्त्वावर बंगालीत ग्रंथ लिहिला. चैतन्यांच्या परंपरेतील पदे आणि चरित्रे ही तत्कालीन समाजाच्या अभ्यासाची साधने म्हणून त्यांनी वाचली. पुढे पाचच वर्षांनी, १९५० साली, गं. बा. सरदारांचा ‘संतवाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ हा ग्रंथ मराठीत आला. संतांनी समाजाला दुबळे केले की जागे केले, हा वाद आपल्याकडे राजवाड्यांपासून चाललेला होता. सरदारांनी त्याला सामाजिक आशयाची कसोटी लावली. दोघांनी एकमेकांचे वाचले असो वा नसो, त्यांचे प्रश्न सख्ख्या भावंडांसारखे आहेत.

आता दुसरी बाजू. ज्याचा आपण आदर करतो त्याची चिकित्सा करणे हेच त्याच्या शास्त्राला शोभते, म्हणून स्पष्टपणे बोलतो.

भूपेंद्रनाथांच्या जातिविवेचनातील पहिली उणीव ही की, त्यांचा भर ग्रंथांवर फार आहे. वेद, स्मृती, पुराणे, ताम्रपट यांतून ते समाज पाहतात. खेड्यात आणि वस्तीत जाऊन पाहिलेला समाज त्या मानाने कमी आहे. लेनिनने मागितलेली आकडेवारी त्यांच्या १९५२ च्या पुस्तकातही मुख्यत्वे जमीनमालकीच्या इतिहासाच्या रूपाने येते. या बाबतीत दामोदर धर्मानंद कोसंबी त्यांच्या पुढे गेले. ग्रंथांचा पुरावा त्यांनीही तितक्याच आदराने वापरला, पण १९५६ चा त्यांचा इतिहासग्रंथ वाचताना हा मनुष्य पायी हिंडला आहे, देवळाच्या पायरीवर बसून लोकांशी बोलला आहे, हे पानोपानी जाणवते.

दुसरी उणीव अधिक खोल आहे, आणि तीच आपल्याला या नदीकाठच्या गिरण्यांकडे परत आणते. जात म्हणजे गोठलेला वर्ग, असे मानले की गोठविणारी थंडी गेल्यावर बर्फ वितळावे, ही अपेक्षा आपोआप येते. सरंजामशाही जाईल, कारखाना येईल, जात वितळेल. मग १९२८ साली मुंबईत काय दिसले? सहा महिने चाललेल्या गिरणी कामगारांच्या त्या महान संपात, ज्यातून गिरणी कामगार युनियन लाल बावट्याखाली उभी राहिली, डॉ. आंबेडकरांनी एक प्रश्न पुढे ठेवला : अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात प्रवेश का नाही? कापडगिरणीत चांगली मजुरी होती ती त्याच खात्यात. धोट्यात नवी कांडी बसविताना विणकर सूत तोंडाने ओढीत असत. त्याच धोट्याला अस्पृश्याचे तोंड लागेल, या कारणाने सवर्ण कामगार त्यांना तेथे उभे राहू देत नव्हते. विटाळ हा खेड्यातल्या पाणवठ्यावरून थेट यंत्राच्या सुट्या भागावर येऊन बसला होता. संपाच्या नेत्यांनी हा प्रश्न मागण्यांत घेतला, पण तत्परतेने घेतला असे इतिहास म्हणत नाही. त्या विलंबाची किंमत मुंबईच्या कामगार चळवळीने पुढे कित्येक वर्षे मोजली.

बराकपूरच्या पट्ट्यात विटाळाचे रूप वेगळे, परंतु मूळ प्रश्न तोच. १९०६ साली फोली नावाच्या अधिकाऱ्याने बंगालमधील मजुरांविषयी अहवाल दिला. वीसेक वर्षांपूर्वी गिरण्यांत बंगालीच कामगार होते, आता त्यांची जागा बिहार आणि संयुक्त प्रांतातील लोकांनी घेतली आहे, असे त्याने नोंदविले. ओडिशा आणि आंध्रातूनही माणसे आली. ही भरती होई ती सरदाराच्या हातून. मुंबईत ज्याला जॉबर किंवा मुकादम म्हणत, तोच हा. सरदार आपल्या जिल्ह्यातली, आपल्या नात्यातली, आपल्या जातीधर्माची माणसे आणी, त्यांच्याकडून दस्तुरी घेई, वस्तीत त्यांना खोली देई, अडीनडीला कर्ज देई. म्हणजे भांडवलाने जात मोडण्याचे कष्ट घेतलेच नाहीत. तिला त्याने भरतीचे कार्यालय करून टाकले. १८९० नंतरच्या दशकात बकरी ईद, मोहरम, रथयात्रा यांच्या सुट्यांवरून गिरण्यांत जे तंटे झाले, त्यांचेही मूळ या रचनेत शोधावे लागते. आणि हेही तितकेच खरे, की आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ६० करण्याचा डाव मालकांनी टाकताच, १९२९ साली हेच निरनिराळ्या प्रांतांचे, जातींचे व धर्मांचे कामगार प्रभावती दासगुप्तांच्या नेतृत्वाखाली सार्वत्रिक संपात एकत्र उतरले. दोन्ही गोष्टी एकाच वस्तीत घडल्या. त्यांपैकी एकच सांगणारा मनुष्य अर्धाच अहवाल देतो.

मग जात टिकविते काय? माझ्या समजुतीप्रमाणे येथे १९१६ चा आंबेडकरांचा निबंध भूपेंद्रनाथांच्या पुढे एक पाऊल आहे. जात हा बंद केलेला वर्ग आहे, येथपर्यंत दोघे बरोबर येतात. पण आंबेडकर पुढे विचारतात, दार बंद कशाने होते? त्यांचे उत्तर : लग्नाने. जातीच्या आतच विवाह, आणि त्यासाठी स्त्रीवर निर्बंध. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या तिन्ही चाली त्यांनी याच एका सूत्रात ओवून दाखविल्या. भूपेंद्रनाथांच्या विवेचनात मालमत्ता आहे, सत्ता आहे, श्रम आहे. स्वयंपाकघर आणि लग्नाचा मांडव यांना त्या मानाने जागा थोडी. म्हणूनच एका मागावर शेजारी उभे असलेले, एका झेंड्याखाली संपावर गेलेले दोन विणकर आपल्या मुलामुलींची लग्ने जुळविताना दोन निरनिराळ्या गावांकडे का तोंड करतात, याचे उत्तर केवळ वर्गाच्या सिद्धांतातून मिळत नाही.

असे असले तरी भूपेंद्रनाथांना बाजूला सारून केवळ विवाहाच्या सूत्रावर विसंबणे हाही एकांगीपणा होईल. या बाबतीत बराकपूरच्याच इतिहासातील एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. १८२४ च्या नोव्हेंबरात येथील छावणीत ४७व्या पलटणीने ब्रह्मदेशच्या मोहिमेवर निघण्यास नकार दिला आणि तिच्यावर तोफा डागण्यात आल्या. समुद्र ओलांडल्याने जात जाते म्हणून शिपाई बिथरले, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले सापडते. परंतु त्या शिपायांच्या तक्रारींत सामान वाहण्यासाठी बैल मिळत नाहीत, भत्ता पुरत नाही, या गोष्टी ठळकपणे होत्या. हिंदुस्थानी माणूस पगारासाठी भांडतो असे मान्य करण्यापेक्षा तो जातीसाठी भांडतो असे म्हणणे राज्यकर्त्यांना सोयीचे होते. जातीमागे दडलेला बैल शोधून काढण्याची सवय आपल्याला भूपेंद्रनाथांनी लावली. बैलामागे दडलेली जात विसरू नका, हे आंबेडकरांनी सांगितले. कार्यकर्त्याला दोन्ही सवयी लागतात.

भूपेंद्रनाथ २५ डिसेंबर १९६१ रोजी वारले. लेनिनने सांगितलेले मोजणीचे काम त्यांच्या हयातीतच इतरांनी या पट्ट्यात सुरू केलेले होते. महालनोबिसांच्या संस्थेने १९४० नंतरच्या दशकात जगद्दलच्या मजूर कुटुंबांच्या जमाखर्चाची पाहणी केली. कलकत्ता विद्यापीठातील मानववंशशास्त्राचे प्राध्यापक क्षितीशप्रसाद चट्टोपाध्याय यांनी ताग कामगारांची सामाजिक व आर्थिक पाहणी १९५२ साली प्रसिद्ध केली. म्हणजे भूपेंद्रनाथांचे जमिनीवरील पुस्तक आणि ही पाहणी एकाच वर्षीची.

उद्याच्या सत्रात चट्टोपाध्यायांच्या पाहणीविषयी चर्चा व्हावी, असे ठरले आहे. तिच्या आधारे एक प्रश्नावली तयार करावी अशी माझी सूचना आहे. तुमच्या गिरणीत कोणत्या खात्यात कोणत्या जिल्ह्याचे व कोणत्या जातीचे लोक आहेत. नोकरी कोणाच्या ओळखीने लागली. कर्ज कोणाकडून काढले आणि दर काय. गेल्या दहा वर्षांत घरातील लग्ने कोठे व कोणाशी झाली. महाराष्ट्रातून आलेल्या साथींनी हेच प्रश्न सोलापूर, इचलकरंजी आणि भिवंडीच्या यंत्रमागांसाठी उतरवून घ्यावेत. प्रश्नावलीचा बंगाली, हिंदी आणि मराठी मसुदा एकत्र ठेवण्याची व्यवस्था झाली, म्हणजे ‘श्रेणी’ आणि ‘जाति’ या शब्दांनी आपली उत्तरे एकमेकांत मिसळणार नाहीत.